वृक्षछाटणीत लेसर पॉइंटरचा उपयोग : एक अनुभव, एक अभ्यास

विद्यालयाच्या भोजनगृहामागील पर्जन्यवृक्ष ज्याला आठवत नाही, असा माजी विद्यार्थी विरळाच. त्याच्या सावलीत कोणी पाढे पाठ केले, कोणी घरून आलेली पत्रे वाचली, तर कोणी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याची पाने मिटताना पाहिली. अलीकडे भेटीस येणारे माजी विद्यार्थी मात्र झाडाच्या पूर्वेकडील उघड्या आभाळाकडे पाहून विचारतात, "सर, इथली मोठी फांदी कुठे गेली?"

स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ती फांदी वादळात मोडली नाही. तिला कीडही लागली नव्हती. आम्ही दिलेल्या संदिग्ध सूचनेमुळे ती निरोगी फांदी कापली गेली. त्या चुकीनंतर झाडावरचा माणूस आणि जमिनीवरचा माणूस यांच्यातील संवादाचा आम्ही थोडा अभ्यास केला, आणि त्यातून लेसर पॉइंटर हे लहानसे साधन आमच्या हाती आले. ज्या पालकांच्या शेताच्या बांधावर, घराच्या परसात किंवा गावाच्या चावडीसमोर मोठी झाडे आहेत, त्यांनाही हा अनुभव उपयोगी पडेल, या अपेक्षेने तो येथे मांडत आहोत.

चूक कशी झाली

पर्जन्यवृक्षाची एक जाड फांदी पश्चिमेला वसतिगृहाच्या पत्र्यांवर झुकली होती. तिच्या बेचक्यापाशी उभी चीर गेल्याचे उन्हाळ्यात लक्षात आले. पहिल्याच वळिवात ती मुलांच्या डोक्यावर कोसळण्याचा धोका होता, म्हणून रीतसर परवानगी घेऊन ती उतरवण्याचे ठरले. गावातील एक अनुभवी कामगार, ज्यांना आम्ही सारे 'दादा' म्हणतो, दोर बांधून सुमारे पंधरा मीटर उंचीवर गेले. आम्ही झाडाच्या दक्षिणेस उभे राहून वर पाहत होतो.

"कोणती, सर?" दादांनी वरून विचारले.

"डावीकडची! जाड आहे ती!"

दादांचे तोंड आमच्याकडे होते. आमची डावी बाजू पश्चिमेला होती आणि त्यांची डावी बाजू पूर्वेला. पूर्वेकडची फांदीही जाडच होती. त्यांनी यांत्रिक करवत सुरू केली. पानांच्या दाटीमुळे करवत नेमकी कोठे चालली आहे हे आम्हांला दिसेना, आणि भुसा भलत्याच बाजूला पडतो आहे हे ध्यानात येईपर्यंत अर्ध्याहून अधिक काप गेला होता. आम्ही ओरडलो, पण करवतीच्या आवाजात ते ओरडणे वर पोहोचलेच नाही.

खाली उतरल्यावर दादा इतकेच म्हणाले, "सर, तुम्ही डावी म्हणालात." ते खरेच होते. त्या दिवशी कोणाला इजा झाली नाही, हे भाग्य. मात्र चिरलेली फांदी तशीच राहिल्याने त्या रात्री मुलांची अंथरुणे वर्गखोल्यांत हलवावी लागली, आणि पूर्वेकडची सावली कायमची गेली.

कायमची हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडे उभी-आडवी चिरून त्यांच्या जखमांचा अभ्यास केला. आपल्या त्वचेची जखम नव्या पेशींनी भरून येते, तशी झाडाची जखम भरत नाही. झाड त्या जखमेभोवती आतून भिंती उभारून तिला कोंडून टाकते आणि वरून नवे लाकूड वाढवते, असे त्यांनी दाखवून दिले. जुनी जखम त्या लाकडाच्या आत झाडाच्या अखेरपर्यंत राहते. चुकीची फांदी कापणे म्हणूनच दुरुस्त न होणारी चूक आहे.

उंचावर शब्द का अपुरे पडतात

या प्रसंगाचा विचार करताना तीन कारणे आमच्या ध्यानात आली. पहिले कारण म्हणजे दिशेचे शब्द बोलणाऱ्याच्या शरीराला बांधलेले असतात. डावी, उजवी, पुढची, मागची हे शब्द ऐकणाऱ्याचे तोंड फिरले की उलटे होतात. दुसरे कारण दृष्टीचे. खालून झाड पाहणाऱ्याला फांद्यांची खालची बाजू आणि एकूण डौल दिसतो. झाडात बसलेल्याला आपल्या आसपासच्या चार फांद्या आणि पानांचा पडदा दिसतो. एकाच झाडाची ही दोन निरनिराळी चित्रे असतात. तिसरे कारण आवाजाचे. करवतीचा आवाज आणि कानांवरील संरक्षक आवरण यांमुळे वर असलेला माणूस जवळजवळ बहिरा होतो.

जगभर हे काम करणाऱ्यांनी या अडचणीवर उपाय शोधले आहेत. अमेरिकेतील वृक्षकामाच्या सुरक्षा मानकात झाडावरील व जमिनीवरील माणसांमध्ये हाकेची किंवा हातखुणांची ठरलेली पद्धत असलीच पाहिजे, असे बंधन आहे. वरचा माणूस बाजूला होण्याची सूचना देतो, खालचा माणूस जागा मोकळी असल्याचे उत्तर देतो, आणि त्यानंतरच फांदी सोडली जाते. काही ठिकाणी शिरस्त्राणात बसवलेली बिनतारी संभाषणयंत्रे वापरतात. ती उपयुक्त आहेत, परंतु त्यांनी फक्त आवाजाची अडचण सुटते. 'डावी की उजवी' हा प्रश्न कानात अधिक स्पष्ट ऐकू येतो, एवढेच.

फांदी बोटाने दाखवता आली तर प्रश्नच मिटतो. पंधरा मीटर लांबीचे बोट मिळवण्यासाठीच काही वृक्षतज्ज्ञ लेसर पॉइंटर वापरतात. शहरात उद्यानांची कामे करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने ही कल्पना आम्हांला सुचवली.

ठिपका दिसतो कसा

लेसरचा पहिला यशस्वी प्रयोग थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात माणकाच्या स्फटिकातून केला. साध्या विजेरीचा प्रकाश चहूकडे पसरतो. लेसरचा झोत मात्र फारच थोडा पसरतो. नेहमीच्या पॉइंटरचा झोत एक मीटर अंतरामागे साधारण एक मिलिमीटर रुंदावतो असे धरले, तर वीस मीटरवर ठिपक्याचा व्यास सुमारे दोन सेंटिमीटर होतो. फांदी दाखवायला हा आकार अगदी योग्य आहे.

रंगाची निवड महत्त्वाची आहे. दिवसाच्या उजेडात मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे पोपटीसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. हिरव्या पॉइंटरचा प्रकाश बहुधा ५३२ नॅनोमीटरचा आणि लाल पॉइंटरचा पुष्कळदा ६५० नॅनोमीटरचा असतो. शक्ती तेवढीच असली तरी हिरवा ठिपका डोळ्याला लाल ठिपक्याच्या सुमारे आठपट तेजस्वी वाटतो. शिवाय पान लाल प्रकाश बहुतांशी शोषून घेते आणि हिरवा त्या मानाने अधिक परत फेकते. झाडात हिरवा ठिपका उठून दिसणार नाही, अशी आमचीही आधी समजूत होती. प्रत्यक्षात तोच अधिक चांगला दिसला. मात्र लाल-हिरवा भेद ज्यांना नीट कळत नाही अशी माणसे आपल्यांत असतात. म्हणून झाडावर चढणाऱ्याला आधी जमिनीवर ठिपका दाखवून तो त्याला स्पष्ट दिसतो का, हे विचारून घ्यावे.

आता उन्हाचा प्रश्न. दहावीच्या मुलांनी आमच्यासोबत हा हिशेब वहीत मांडला. एक मिलिवॉट शक्तीचा हिरवा झोत सुमारे ०.६ ल्युमेन प्रकाश देतो. तो दोन सेंटिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर पडला की तेथे जवळजवळ १,९०० लक्स इतका उजेड होतो. दुपारच्या थेट उन्हाचा उजेड सुमारे १,००,००० लक्स असतो, म्हणजे पन्नासपटींहून अधिक. अशा उन्हात ठिपका दिसणे शक्यच नाही. सकाळी लवकर, ढगाळ हवेत किंवा झाडाच्या गर्द सावलीत तो दिसतो. म्हणून आम्ही फांद्या दाखवण्याचे सारे काम सूर्य वर येण्यापूर्वी उरकतो.

येथेच एक मोह उभा राहतो : उन्हातही दिसावा म्हणून अधिक शक्तीचा पॉइंटर आणण्याचा. हा मोह टाळणे अत्यावश्यक आहे.

डोळ्यांची सुरक्षितता

लेसरचा झोत डोळ्यात शिरला तर डोळ्याचे भिंग त्याला दृष्टिपटलावरील एका सूक्ष्म बिंदूवर एकवटते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार एक मिलिवॉटपर्यंतच्या दृश्य लेसरला वर्ग २ म्हणतात. असा झोत चुकून डोळ्यात गेल्यास पापणी साधारण पाव सेकंदात आपोआप मिटते व डोळा वाचतो. हेतुपुरस्सर रोखून पाहिल्यास मात्र हे संरक्षण राहत नाही. पाच मिलिवॉटपर्यंतचा ३आर हा वर्ग त्याहून जोखमीचा आहे. त्यापुढील ३बी वर्गाचा झोत पापणी मिटण्यापूर्वीच डोळ्याला कायमची इजा करू शकतो. झाडावरचा माणूस दचकून हात सोडू शकतो, काही क्षण दिपून जाऊ शकतो. त्यामुळे जमिनीवर जे क्षम्य ठरेल ते पंधरा मीटर उंचीवर क्षम्य नाही. आम्ही वर्ग २ पलीकडे जात नाही.

वेष्टनावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबून चालत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने १२२ लेसर पॉइंटर तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालपैकी ४४ टक्के पॉइंटर सुरक्षेच्या नियमांत बसले नाहीत. स्वस्त हिरव्या पॉइंटरात आणखी एक धोका दडलेला असतो. त्यातील हिरवा प्रकाश मूळच्या अवरक्त प्रकाशापासून तयार होतो, आणि हा अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी बसवलेली नसेल तर तो डोळ्याला न दिसता बाहेर पडतो. तो दिसत नसल्याने पापणीही मिटत नाही. आम्ही आमचा पॉइंटर जवळच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत मोजून घेतला आणि मगच वापरास काढला.

फांदी चुकवून पुढे गेलेला झोत कोठे जातो, याचाही विचार हवा. विमानाच्या दिशेने लेसर रोखणे हा अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने गुन्हा ठरला. ब्रिटनने २०१८ च्या कायद्याने विमानांसह मोटारी, रेल्वे व नौका यांच्या चालकांनाही संरक्षण दिले. आम्ही पॉइंटर धरण्याची जागा अशी निवडतो की फांदीच्या पाठीमागे खोड किंवा भिंत येईल. रस्ता, खिडकीची काच किंवा पत्रा येणार नाही. पावसाने ओली झालेली पाने आणि करवतीचे चकचकीत पातेही झोत परावर्तित करतात, हे विसरून चालणार नाही.

आमची कार्यपद्धती

पुढील वर्षी वाळक्या फांद्या उतरवण्याच्या वेळी दादांसोबत बसून आम्ही एक क्रम ठरवला. तो आजही पाळतो.

एक : चढण्यापूर्वी दादा आणि आम्ही झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारतो. तोडायच्या फांद्या, चिरा, ढोल्या, मधमाश्यांची पोळी, पक्ष्यांची घरटी आणि विजेच्या तारा यांची नोंद घेतो. तारा जवळ असतील तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत काम सुरू करत नाही. पक्ष्यांवर झोत टाकत नाही.

दोन : डावी-उजवी हे शब्द पूर्णपणे वर्ज्य. फांद्यांना जागेवरून नावे देतो : विहिरीकडची, वसतिगृहाकडची, फाटकाकडची. शेतकरी बांधांना अशीच नावे देतात. विहीर कोणाच्याही तोंडाबरोबर फिरत नाही.

तीन : पॉइंटर एकाच व्यक्तीच्या हाती राहतो आणि तीच एक व्यक्ती बोलते. बाकीचे दोराच्या व पडणाऱ्या फांद्यांच्या कक्षेबाहेर थांबतात.

चार : पॉइंटर लावण्यापूर्वी "दादा, प्रकाश लावतो" अशी हाक दिली जाते. दादा करवत बंद करतात, दोन्ही पायांवर नीट स्थिरावतात आणि "लावा" म्हणतात. हे उत्तर आल्याशिवाय कळ दाबायची नाही.

पाच : ठिपका आधी फांदीच्या शेंड्याकडे, दादांपासून दूर टाकतो आणि सावकाश आत आणतो. त्यांच्या शरीरापासून किमान एक मीटर अलीकडे तो थांबतो. माणसाच्या अंगावरून झोत कधीही फिरवायचा नाही.

सहा : ठिपका दिसल्यावर दादा ती फांदी हाताने थोपटतात आणि नाव घेतात, "वसतिगृहाकडची, खालून दुसरी." पॉइंटर बंद करून खिशात ठेवल्यानंतर आम्ही म्हणतो, "होय, हीच." मग ते विचारतात, "खाली कोणी आहे?" "कोणी नाही" असे उत्तर मिळाल्यावरच करवत सुरू होते.

या सहा पायऱ्यांतील सहावी सर्वांत महत्त्वाची, असे आम्हांला अनुभवाने वाटते. दादांचा हात फांदीवर पडून त्यांच्या तोंडून तिचे नाव आले, की दोघे एकाच फांदीविषयी बोलत आहेत याची खात्री होते.

ठिपक्याच्या मर्यादा

पहिल्याच दिवशी एक अडचण आली. आम्हांला ठिपका स्वच्छ दिसत होता, दादांना मात्र दिसेना. कारण सोपे होते : खालून टाकलेला झोत फांदीच्या खालच्या अंगावर पडत होता आणि दादा वरून पाहत होते. मग आम्ही झाडापासून लांब सरकलो, त्यामुळे झोत तिरपा होऊन फांदीच्या कुशीवर पडू लागला. तरीही दिसत नसेल तर दादा एकेक फांदी थोपटत जातात आणि आम्ही होय-नाही सांगतो. पानांच्या दाटीत ठिपका पुढच्या पानावर आणि मागच्या फांदीवर असा विभागला जातो, तेव्हाही हाच मार्ग बरा.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. कोणती फांदी, हे ठिपका सांगतो. काप नेमका कोठे घ्यावा, हे तो सांगू शकत नाही. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे एक फुगीर कडे असते. त्या कड्याला धक्का न लावता, त्याच्या लगेच बाहेर काप घेतला तर झाड जखम लवकर वेढून घेते. जड फांदीला आधी खालून अर्धवट काप, मग थोडे बाहेर वरून काप आणि शेवटी उरलेल्या खुंटाला कड्यालगतचा काप, असे तीन काप घ्यावे लागतात. अन्यथा फांदी कोसळताना खोडाची साल सोलत खाली येते. हे कडे जवळून फक्त वरच्या माणसालाच दिसते. फांदी आतून पोकळ आहे का, आपला दोर बांधलेले बेचके भार घेईल का, हेही तोच जाणतो. म्हणून आमच्याकडे एक नियम पक्का आहे : खालच्याने दाखवावे, ठरवावे मात्र वरच्याने. दादांनी "ही नको, सर" म्हटले की पॉइंटर खिशात जातो आणि ते खाली आल्यावर चर्चा होते.

पालकांस व माजी विद्यार्थ्यांस विनंती

जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत लेसर पॉइंटर सहज मिळतात. मुले ते एकमेकांच्या तोंडावर, गाईगुरांवर, रस्त्यावरच्या वाहनांवर रोखतात. अशा खेळातून मुलांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याची प्रकरणे अनेक देशांतील नेत्रतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. पालकांनी हे साधन खेळणे म्हणून मुलांच्या हाती देऊ नये, ही आमची कळकळीची विनंती. विद्यालयातील पॉइंटर कुलूपबंद कपाटात असतो आणि छाटणीच्या दिवशी नोंद करूनच बाहेर निघतो.

दुसरी विनंती झाडांविषयी. नागरी भागात १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही. परवानगी मिळाल्यावरही छाटणीच्या दिवशी झाडाखाली जबाबदार व्यक्तीने स्वतः उभे राहावे. वर चढलेला माणूस आपल्या शब्दावर विश्वासून करवत चालवतो. तो शब्द स्पष्ट ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

पर्जन्यवृक्षाच्या पूर्वेकडील जखमेभोवती आता नव्या सालीचे जाड कडे चढले आहे. सकाळच्या परिपाठाला मुले तिथे उन्हात उभी राहतात. सावली कमी झाल्याची तक्रार कोणी केली तर ती आम्ही निमूटपणे ऐकून घेतो. चिरलेली फांदी मात्र दादांनी दुसऱ्याच दिवशी व्यवस्थित उतरवली, आणि वसतिगृहाच्या त्या छपराखाली मुले आज निर्धास्त झोपतात.